ट्रक त्याचा, नंबर तुमचा

समजा, शिकागोजवळ एक लहान ट्रकिंग कंपनी आहे. चार ट्रक, चार पगारी ड्रायव्हर. मालक स्वतःच फोनवर भाडी ठरवतो, बायको हिशेब सांभाळते. टेक्सासला नियमित माल पाठवणारं एक जुनं गिऱ्हाईक त्याला एक दिवस सांगतं, "आणखी तीन गाड्या देऊ शकलास तर सगळं काम तुझ्याकडेच देतो." ऐकायला गोड वाटतं, पण त्या रात्री मालकाला झोप लागत नाही. झोपायच्या कप्प्यासह येणारा नवा ट्रॅक्टर, म्हणजे आपले ट्रेलरवाले ज्याला घोडा म्हणतात तो पुढचा भाग, दीड लाख डॉलरच्या पुढे जातो. त्रेपन्न फुटी ट्रेलरचे पैसे वेगळे. तीन जोड्या उभ्या करायच्या तर सहा लाख डॉलरच्या घरात कर्ज होतं. सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाने पाठ फिरवली तरी बँकेचे हप्ते थांबत नाहीत.

अमेरिकेत हा प्रश्न घरोघरी पडावा इतका नेहमीचा आहे. तिथल्या मालवाहतूक कंपन्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कंपन्यांकडे दहा किंवा त्याहून कमी ट्रक आहेत. अशा कंपनीला वाढण्याचे तीन रस्ते असतात. पहिला, कर्ज काढून ट्रक घेणे. दुसरा, जादा माल दुसऱ्या कंपन्यांना देऊन मधली दलाली घेणे. त्यासाठी ब्रोकरचा वेगळा परवाना आणि पंचाहत्तर हजार डॉलरची हमी लागते. तिसरा, ज्याच्याकडे स्वतःचा ट्रक आहे आणि जो स्वतःच तो चालवतो अशा मालक-चालकाला करार करून आपल्या नावाखाली घेणे.

तिसरा रस्ता सगळ्यात स्वस्त दिसतो. ट्रकचं कर्ज त्याचं, डिझेल त्याचं, टायर त्याचे, आणि आपली कंपनी मात्र चाराची सात ट्रकांची होते. पण या व्यवहारात भांडवल त्याचं असलं तरी रस्त्यावरची जबाबदारी जवळजवळ सगळी कंपनीची असते. हे एक वाक्य नीट न समजल्यामुळे अनेक लहान कंपन्या वाढता वाढता बुडाल्या आहेत.

हे नातं आलं कुठून?

ट्रक एकाचा आणि परवाना दुसऱ्याचा, ही व्यवस्था सरकारी नियंत्रणातून जन्मली. १९३५च्या मोटर कॅरिअर कायद्याने अमेरिकेतली आंतरराज्य ट्रक वाहतूक इंटरस्टेट कॉमर्स कमिशनच्या ताब्यात गेली. कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर कोणता माल न्यायचा, काय दर आकारायचा, हे आयोगाच्या मंजुरीने ठरू लागलं. नवा परवाना मिळवणं जिकिरीचं, कारण आधीच्या परवानाधारकांना हरकत घ्यायचा हक्क होता.

प्रक्रिया न केलेला शेतमाल मात्र या नियंत्रणातून वगळलेला होता. त्यामुळे स्वतःचा एकच ट्रक असलेला माणूस कॅलिफोर्नियाची भाजी पूर्वेकडे खुशाल नेऊ शकत होता. शेतमाल कशाला म्हणायचं, यावर खटले रंगले. साफ करून गोठवलेली कोंबडी कारखान्यात तयार झालेली वस्तू ठरत नाही, हे सांगायला १९५६मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला! या ट्रकवाल्याची खरी अडचण परतीच्या भाड्याची. न्यूयॉर्कहून यंत्रं किंवा कापड भरून आणायचं तर त्याच्याकडे परवाना नाही, आणि तीन हजार मैल रिकामं यायचं तर कमाई डिझेलमध्ये जाते. मग तो परवानाधारक कंपनीला आपला ट्रक भाडेकराराने देई आणि तिच्या नावावर माल नेई.

सोय दोघांचीही होती, पण अपघात झाला की कंपनी म्हणे ट्रक आमचा नाही, आणि ट्रकवाल्याच्या खिशात भरपाई देण्याइतके पैसे नसत. आयोगाने अशा करारांवर बंधनं आणली. ट्रकिंग कंपन्यांनी त्यांना आव्हान दिलं. १९५३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या बाजूने कौल दिला. ज्या कंपनीच्या नावावर ट्रक धावतो, त्या कंपनीने त्याची जबाबदारी घ्यायची, हे सूत्र तेव्हापासून पक्कं झालं.

दुसरी बाजू उघडी पडायला १९७३चं तेलसंकट यावं लागलं. डिझेल महागलं, मिळेनासं झालं. दर सरकारी, त्यामुळे वाढीव खर्च भाड्यातून वसूल करता येईना. त्या डिसेंबरात पेनसिल्व्हानियातल्या आय-८० महामार्गावर जे. डब्ल्यू. एडवर्ड्स या मालक-चालकाने ट्रक उभा केला, सीबी रेडिओवरून हाका गेल्या, आणि बघता बघता महामार्ग अडले. त्याच वर्षी मालक-चालकांची संघटना ओओआयडीए उभी राहिली. मिसुरीतल्या ग्रेन व्हॅलीत तिचं मुख्यालय आहे. कंपनी नक्की किती भाडं घेते ते कळत नाही, अनामत म्हणून कापलेले पैसे परत मिळत नाहीत, टायर आणि विमा कंपनीकडूनच घ्यायला लावतात, या त्यांच्या तक्रारी होत्या. त्यातून १९७९मध्ये भाडेकरारातल्या पारदर्शकतेचे नियम झाले. आज केंद्रीय नियमावलीच्या शीर्षक ४९, भाग ३७६ मध्ये ते आहेत.

पुढच्याच वर्षी, १ जुलै १९८० रोजी, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ट्रक वाहतुकीचं नियंत्रण सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली. आज थोडी फी आणि विम्याचा दाखला दिला की कोणालाही वाहतुकीचा अधिकार मिळतो. मग मालक-चालक अजूनही दुसऱ्याच्या नावाखाली का जातो? कारण टंचाई आता वेगळ्या गोष्टींची आहे. नव्या परवान्यावर विम्याचा हप्ता डोळे पांढरे करणारा असतो. नव्या परवान्याच्या नंबरला बरेच ब्रोकर काही महिने मालच देत नाहीत. बिल वसूल करायला, कागद सांभाळायला माणूस लागतो. एकट्याने ट्रक चालवायचा की फोन करत बसायचं? लहान कंपनी मालक-चालकाला जे विकते ते हेच: विमा, माल, पत आणि वेळेवर पैसे. यातलं काही आपल्याकडे नसेल तर त्याला घेण्यात अर्थ नाही.

भाड्याचे वाटे

मालक-चालकाला मोबदला दोन पद्धतींनी मिळतो: मैलामागे ठरलेला दर किंवा भाड्यातला टक्का. टक्क्याच्या पद्धतीत ट्रेलर कंपनीचा असेल तर साधारण पासष्ट ते पंचाहत्तर टक्के त्याचे. ट्रेलरही त्याचाच असेल तर वाटा ऐंशीच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो.

शिकागो ते डॅलस अंतर साडेनऊशे मैलांच्या आसपास आहे. समजा, या फेरीचं भाडं २,४०० डॉलर ठरलं आणि माल उचलायला आधी शंभर मैल रिकामं जावं लागलं. पंचाहत्तर टक्क्यांप्रमाणे मालक-चालकाचे १,८०० डॉलर. गॅलनला साडेसहा मैल जाणाऱ्या ट्रकला १,०५० मैलांसाठी एकशे साठ गॅलनच्या वर डिझेल लागतं. गॅलनला चार डॉलर धरले तरी साडेसहाशे तिथेच गेले. उरलेल्या साडेअकराशेत ट्रकचा हप्ता, टायर, तेल, दुरुस्ती, टोल, जेवण आणि त्याचा स्वतःचा कर. स्वयंरोजगारावर त्याला सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरपोटी १५.३ टक्के भरावे लागतात. नोकरदाराच्या बाबतीत यातला निम्मा भार मालक उचलतो. तेव्हा पंचाहत्तर टक्के ऐकून त्याची चंगळ आहे असं समजायचं कारण नाही. अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या हिशेबात २०२३मध्ये एक ट्रक एक मैल चालवायचा सरासरी खर्च, ड्रायव्हरच्या पगारासकट, २.२७ डॉलर होता.

आता कंपनीचे सहाशे पाहू. त्यातून जबाबदारी विमा, ट्रेलरचा खर्च, कार्यालय, भाडी ठरवणाऱ्याचा पगार. लहान कंपनीला एका ट्रकमागे वर्षाला दहा ते वीस हजार डॉलर विमा सहज पडतो. त्यात आणखी एक गळती असते. ब्रोकरचे पैसे यायला महिना-दीड महिना लागतो, म्हणून लहान कंपन्या आपली बिलं फॅक्टरिंग कंपनीला विकतात. ती लगेच रोकड देते आणि दोन ते पाच टक्के कापून घेते. तीन टक्के धरले तर २,४०० वर बहात्तर डॉलर. वरवर किरकोळ रक्कम, पण ती कापली जाते पूर्ण बिलावर आणि भरते कंपनी आपल्या सहाशेतून. म्हणजे कंपनीच्या वाट्याचे बारा टक्के फक्त पैसे लवकर मिळण्यासाठी गेले. पगारी ड्रायव्हर असलेल्या कंपनीचं गणित इथे लागू पडत नाही, आणि अनेकांची फसगत नेमकी याच जागी होते.

रोकड हीच वाढीची खरी मर्यादा असते. पाच मालक-चालक, प्रत्येकाचं आठवड्याचं भाडं सहा हजार डॉलर. आठवड्याची उलाढाल तीस हजार, त्यातले साडेबावीस हजार त्यांना द्यायचे. त्यांचा हिशेब आठवड्याने चुकता होतो आणि ब्रोकर पाच आठवड्यांनी पैसे देतो असं धरलं, तर मधल्या चार आठवड्यांत कंपनीच्या खिशातून नव्वद हजार डॉलर बाहेर पडलेले असतात. कागदावर नफा आणि बँकेत खडखडाट! ट्रक विकत घेतले नाहीत म्हणून भांडवल लागत नाही, हा समज इथे फुटतो. भांडवल लागतंच. ते लोखंडाऐवजी उधारीत अडकतं.

करारात काय हवं?

तोंडी बोलीवर, हस्तांदोलनावर हा व्यवहार कायद्याने होत नाही. भाग ३७६ प्रमाणे लेखी करार लागतो आणि त्याची प्रत ट्रकमध्ये ठेवावी लागते. ट्रकच्या दारावर कंपनीचं नाव आणि तिचा परिवहन खात्याचा नंबर लागतो. करार चालू असेपर्यंत ट्रकचा अनन्य ताबा, नियंत्रण आणि वापर कंपनीकडे राहील आणि त्याच्या वापराची पूर्ण जबाबदारी कंपनी घेईल, असं करारात लिहावंच लागतं.

पैशांबाबतचे नियम काटेकोर आहेत. माल पोचवल्याचे कागद हाती आल्यापासून पंधरा दिवसांत मालक-चालकाचे पैसे द्यायचे. गिऱ्हाइकाने आपल्याला दिले की मग देतो, ही सबब चालत नाही. मोबदला टक्क्यांनी असेल तर मूळ बिलाची प्रत त्याला दाखवायची, म्हणजे २,४००चं भाडं २,१०० सांगून वरचे तीनशे खिशात घालता येत नाहीत. डिझेल, विमा, ट्रेलरचं भाडं असं जे जे त्याच्या पैशांतून कापायचं, ते करारात आधी लिहायचं आणि कसं मोजलं तेही दाखवायचं. टायर किंवा विमा आमच्याकडूनच घे, अशी अट घालता येत नाही. अनामत ठेवली तर त्यावर दर तिमाहीला व्याज द्यायचं आणि करार संपल्यापासून पंचेचाळीस दिवसांत हिशेब करून रक्कम परत करायची.

चांगली कंपनी या नियमांकडे जाच म्हणून पाहत नाही. मालक-चालकांच्या वर्तुळात बातमी विजेच्या वेगाने पसरते. अमुक कंपनी शुक्रवारी पैसे देते, तमुक कंपनी उगाच कापते, हे ट्रक थांब्यांवरच्या गप्पांत सगळ्यांना ठाऊक असतं. नवा माणूस मिळवायला जाहिरातीपेक्षा हीच कीर्ती जास्त कामी येते.

अपघात त्याच्या हातून, दावा तुमच्यावर

सुरक्षेच्या बाबतीत केंद्रीय नियमांनी पळवाट ठेवलेली नाही. मोटर कॅरिअर सुरक्षा प्रशासनाच्या व्याख्येत ट्रक चालवताना स्वतंत्र कंत्राटदारही कंपनीचा कर्मचारीच धरला जातो. म्हणजे त्याच्या परवान्याची, वैद्यकीय दाखल्याची, आधीच्या नोकऱ्यांची चौकशी कंपनीने करायची आणि त्याची फाईल ठेवायची. जानेवारी २०२० पासून अमली पदार्थ आणि मद्य चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू आहे. तीत नाव तपासल्याशिवाय कोणालाही चाकावर बसवता येत नाही. कामाचे तासही तेच: सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर चौदा तासांच्या आत जास्तीत जास्त अकरा तास ट्रक चालवायचा, आणि आठ तास चालवल्यावर अर्धा तास थांबायचं. डिसेंबर २०१७ पासून ही नोंद बहुतेक ट्रकांत इंजिनाला जोडलेलं यंत्रच ठेवतं. पूर्वीसारखी वहीत खाडाखोड करायची सोय उरलेली नाही.

त्याचा ब्रेक रस्त्यावरच्या तपासणीत नादुरुस्त निघाला तर दोष कंपनीच्या नंबरवर चढतो. त्याच्या तासांचा भंगही तिथेच नोंदला जातो. हे गुण विमा कंपन्या पाहतात, मोठे ब्रोकरही पाहतात. सात ट्रकांच्या कंपनीत एक बेफिकीर माणूस बाकीच्या सहांचा विमा महाग करू शकतो.

साध्या मालासाठी कायद्याने किमान साडेसात लाख डॉलरचा जबाबदारी विमा लागतो. व्यवहारात ब्रोकर दहा लाखांचा मागतात, शिवाय मालाचा वेगळा. पण अपघाताच्या खटल्यात ज्यूरी कुठवर जाऊ शकते, याची कल्पना टेक्सासच्या एका खटल्यावरून येते. तिथे २०१८मध्ये वर्नर या मोठ्या ट्रकिंग कंपनीविरुद्ध जवळपास नऊ कोटी डॉलरचा निकाल लागला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो २०२५मध्ये रद्द केला, म्हणजे सात वर्षं ती टांगती तलवार होती. वर्नर ती झेलू शकली. सात ट्रकांच्या कंपनीने काय केलं असतं?

म्हणून माणूस निवडताना त्याच्या ट्रकच्या चकाकीवर जाऊ नये. सरकारी नोंदीतून त्याचे पाच वर्षांतले अपघात आणि तीन वर्षांतल्या तपासण्या मागवता येतात, त्या मागवाव्यात. ट्रकची वार्षिक तपासणी आणि दुरुस्तीच्या पावत्या बघाव्यात. आणि एक प्रश्न जरूर विचारावा: इंजिन बसलं तर दुरुस्तीचे पैसे आहेत का? ज्याच्याकडे चार पैसे बाजूला नाहीत तो घासलेल्या टायरवर आणखी एक फेरी मारतो. त्याची गरिबी मग कंपनीच्या नंबरवर येऊन बसते.

नोकर की व्यावसायिक?

या सगळ्यातली अवघड गाठ इथे आहे. एक कायदा म्हणतो, ट्रकचा पूर्ण ताबा आणि नियंत्रण कंपनीकडे हवं. दुसरा म्हणतो, नियंत्रण तुमचं असेल तर तो तुमचा नोकर. त्याला किमान वेतन, बेकारी विमा द्या. भाग ३७६ मध्येच एक वाक्य आहे की या अनन्य ताब्यावरून तो नोकर की स्वतंत्र कंत्राटदार हे ठरत नाही. तेवढ्याने वाद मिटलेला नाही.

न्यायालयं व्यवहारात काय चालतं ते पाहतात. तो माल नाकारू शकतो का? मार्ग, विश्रांतीची जागा, डिझेल कुठे भरायचं हे तो ठरवतो का? दुसरा ड्रायव्हर ठेवू शकतो का? त्याला नफा-तोटा होण्याची खरी शक्यता आहे का? फेडएक्स ग्राउंडने पार्सल पोचवणाऱ्या चालकांना कंत्राटदार म्हटलं, पण गणवेश, गाडीचा रंग, कामाची पद्धत सगळं स्वतः ठरवलं. २०१४मध्ये अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियातल्या चालकांना कर्मचारी ठरवलं आणि पुढच्या वर्षी कंपनीने बावीस कोटी ऐंशी लाख डॉलर देऊन तडजोड केली. २०१९मध्ये न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की आंतरराज्य वाहतुकीतल्या कंत्राटदारालाही केंद्रीय लवाद कायद्याच्या जोरावर न्यायालयाबाहेर ठेवता येणार नाही. करारात लवादाचं कलम घातलं की कोर्टाची कटकट संपली, ही समजूत त्या दिवशी मोडली.

कॅलिफोर्निया आणखी पुढे गेलं. तिथल्या एबी-५ कायद्याची कसोटी तीन अटींची आहे आणि तिन्ही पुऱ्या झाल्या तरच माणूस कंत्राटदार ठरतो. ट्रकवाल्यांना अडते ती मधली अट: त्याचं काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं असलं पाहिजे. माल वाहणं हाच कंपनीचा धंदा असताना माल वाहणारा माणूस त्याच्या बाहेरचा कसा ठरणार? कायदा २०२० पासून आला, ट्रकवाल्यांना न्यायालयाने तात्पुरतं संरक्षण दिलं, आणि जून २०२२च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिल्यावर ते संपलं. जुलैत मालक-चालकांनी ऑकलंड बंदराची दारं अडवली. आंदोलन करणारे कंपन्यांचे मालक नव्हते. आम्हाला नोकर करू नका, असं सांगायला ट्रकवालेच रस्त्यावर उतरले होते. ज्याने हप्ते फेडून ट्रक स्वतःचा केला आहे, त्याला आपलं धनीपण किती मोलाचं वाटतं हे त्यातून कळतं.

लहान कंपनीने यातून व्यवहारी धडा घ्यावा. मालक-चालकाला माल नाकारायची खरी मुभा द्यावी आणि नाकारला म्हणून पुढच्या आठवड्यात त्याला कोरडं ठेवू नये. कायद्याने जे नियंत्रण ठेवायलाच हवं, म्हणजे तास, तपासण्या, विमा, ते कडक ठेवावं. बाकीचं त्याच्यावर सोडावं. आणि आपल्या राज्याचा कायदा जाणणाऱ्या वकिलाकडून करार तपासून घ्यावा. वकिलाची फी पहिल्या दाव्यापेक्षा नक्कीच कमी असते.

तेजी ओसरते तेव्हा

२०२१मध्ये करोनानंतरच्या मागणीने भाड्याचे दर आकाशाला भिडले. हजारो ड्रायव्हरांनी नोकऱ्या सोडल्या, चढ्या किमतीला जुने ट्रक घेतले. २०२२च्या मध्यावर डिझेल गॅलनला पावणेसहा डॉलरच्या वर गेलं आणि भाडी उतरू लागली. २०२३च्या ऑगस्टमध्ये यलो ही जवळपास शंभर वर्षांची कंपनी दिवाळखोरीत गेली. तीस हजारांच्या आसपास लोकांचं काम गेलं. अशा मंदीत मालक-चालक घेणाऱ्या लहान कंपनीला एक फायदा मिळाला: उभ्या ट्रकचे हप्ते तिच्या डोक्यावर नव्हते. पण ज्यांनी तेजीत माल नसताना माणसं गोळा केली होती, त्यांच्याकडची माणसं आधी पळाली. फ्लोरिडासारख्या राज्यात माल नेताना भाडं चांगलं मिळतं आणि तिथून निघताना कवडीमोल. परतीच्या भाड्याची सोय नसलेल्या कंपनीकडे मंदीत कोण थांबेल?

काही कंपन्यांनी दुसरीच युक्ती काढली. ज्याच्याकडे ट्रक नाही अशा ड्रायव्हरला आपलाच ट्रक हप्त्याने द्यायचा आणि त्याला मालक-चालक म्हणायचं. हप्ता, विमा, डिझेल सगळं त्याच्या कमाईतून कापलं की काही आठवडे त्याच्या हातात शून्य पडतं, आणि काम सोडलं तर ट्रकही जातो. केंद्र सरकारने नेमलेल्या कृती गटाने जानेवारी २०२५मध्ये असे करार बंदच करावेत अशी शिफारस केली. लहान कंपनीने या वाटेला न जाणं बरं.

उलट बाजूला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची लँडस्टार ही कंपनी आहे. ती देशभर माल वाहते, आणि तिच्या नावाखाली अनेक मालक-चालकांचे ट्रक धावतात. तिच्याकडे माल आणणाऱ्या स्वतंत्र एजंटांचं मोठं जाळं आहे. दुसऱ्यांच्या ट्रकांवर मोठा धंदा उभा राहतो, हे ती दाखवते. मालाचा ओघ आधी असावा लागतो, हेही तिच्याकडूनच शिकावं.

आपल्याकडच्या वाचकाला यात कळंबोलीच्या किंवा न्हावा-शेव्याच्या 'अटॅच' गाड्या आठवतील. साम्य आहे, पण फरक मोठा आहे. आपल्याकडे ट्रान्सपोर्टर बिल्टी फाडतो. गाडीची नोंदणी, परमिट आणि विमा मात्र गाडीमालकाच्याच नावावर राहतो, आणि अपघाताचा दावा आधी त्या गाडीच्या विम्याकडे जातो. अमेरिकेत करार झाल्या क्षणापासून ट्रक कंपनीच्या परवान्यावर आणि कंपनीच्या जबाबदारी विम्यावर धावतो. इथल्या सवयीने तिथे धंदा करू पाहणाऱ्याने हा फरक आधी गाठीला बांधावा.

तेव्हा त्या शिकागोच्या मालकाने काय करावं? गिऱ्हाइकाकडून तीन गाड्यांच्या कामाची लेखी हमी घ्यावी आणि डॅलसहून परतीचा माल कुठून येईल ते शोधावं. किमान पाच आठवड्यांची रोकड किंवा बँकेची मर्यादा हाताशी ठेवावी. विमा कंपनीला आधी विचारावं, कारण तिला न कळवता घेतलेला माणूस अपघाताच्या दिवशी विम्याबाहेरचा ठरू शकतो. मग तीन नव्हे, एकच मालक-चालक घ्यावा. त्याच्याबरोबर एक तिमाही काढावी, हिशेबाचा प्रत्येक कागद त्याच्यापुढे ठेवावा, आणि तो टिकला तर दुसरा घ्यावा. ज्या कंपनीचा पहिला मालक-चालक वर्षभर टिकतो, तिला दुसरा शोधत फिरावं लागत नाही. बहुतेक वेळा पहिलाच त्याला घेऊन येतो.